भरलेल्या टाकीतले साडेनऊ लिटर

नानांच्या धाकट्या पुतणीने ठरलेलं लग्न मोडलं आणि सहा महिन्यांनी त्याच मुलाशी तेच लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पत्रिकासुद्धा जुन्याच वापरल्या होत्या, फक्त तारखेवर नव्या तारखेची पट्टी चिकटवली होती. अशा काटकसरीच्या लग्नात जेवणं लवकर आटोपली, आणि मागच्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर नाना आणि त्यांची थोरली बहीण टेकले. बहिणीला सगळे ताईच म्हणत. ताईचं वय चौऱ्याहत्तर, नानांचं अडुसष्ट. समोर ताईचा मुलगा उभा होता आणि हातातल्या फोनकडे बघत आईच्या पुढच्या आयुष्याची व्यवस्था सांगत होता.

ताईचं राहतं घर विकलं गेलं होतं. नोव्हेंबरच्या तीस तारखेला रिकामं करून द्यायचं होतं.

"आईसाठी एक खोली बघितली आहे मी," भाचा म्हणाला. "वयस्कर लोकांचा निवास आहे. बाग आहे, डॉक्टर आहे, संध्याकाळी गाणी लावतात."

"कुठली गाणी?" ताईने विचारलं.

"तुझ्या वेळची."

"माझी वेळ कधी संपली ते त्यांनीच ठरवलं वाटतं."

यावर भाचा काहीतरी बोलणार, इतक्यात नाना बोलून गेले. "ताई माझ्याकडे राहील. माझ्या गाडीतून न्यायला येतो मी तिला."

आजूबाजूच्या चारपाच नातेवाइकांनी माना वळवल्या. नाना आयुष्यात लग्नकार्यात कधी बोलले नव्हते, त्यामुळे आवाज कुठून आला हे कळायला लोकांना थोडा वेळ लागला. भाचा हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. त्याने अगदी काळजीने विचारलं, "मामा, ती गाडी चालते?"

गाडी चालत होती. खोटं कशाला बोला. पाणीखात्याने मोडीत काढलेली सात जणांची ती व्हॅन नानांनी निवृत्त होताना घेतली होती, आणि दर रविवारी ते ती गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन उलटी परत आणत. त्यापलीकडे जायला तपासणीचा दाखला लागतो, आणि तो संपून चौदा महिने झाले होते. दाखला मिळत नव्हता, कारण चालकापुढचे काटे मेले होते. इंधनाचा काटा कायम मध्यावर आणि तापमानाचा काटा तळाशी झोपलेला. हे सगळं भाच्याला सांगण्याची ती जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. "हे बघ बाळ्या, भाड्याची गाडी घेऊन येऊ नकोस. भाड्याच्या गाडीने सामान जातं. तू तुझ्या गाडीने आलास तर मी समजेन, मी तुला हवी आहे. नाही आलास तर निवासात जाईन. मनात काही ठेवणार नाही."

ताई मनात काही ठेवणार नाही म्हणाली की नानांना घाम फुटायचा.

नाना पाणीखात्यात मीटर वाचायचे. चौतीस वर्षं. या गावातलं एक घर असं नव्हतं की ज्याच्या मागच्या अंगणात नाना गेले नाहीत. कुणाचं फाटक उचलून उघडावं लागतं, कुणाचा कुत्रा नुसताच भुंकतो आणि कुणाचा न भुंकता चावतो, हे त्यांना पाठ होतं. लोक दार उघडत, पण ते मीटरसाठी. "मीटरवाले आलेत," असं आत ओरडत आणि बाजूला होत. चौतीस वर्षांत नानांना बसा असं दोनदा म्हटलं गेलं, त्यातल्या एकदा त्यांना चक्कर आली होती. घरी दोन खोल्या, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर जुनी वर्तमानपत्रं बसत. संध्याकाळी परत आल्यावर नाना खिळ्यावरची किल्ली उगाच वाजवून ठेवत, तेवढाच आवाज.

नोकरीला लागले तेव्हा त्यांना आकडे येत होते, अक्षरं येत नव्हती. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात ते चित्रं काढत. घर बंद असेल तर कुलूप, कुत्रा असेल तर कुत्रा. बावीस वर्षं हे चाललं. मग नवे साहेब आले आणि एका शेऱ्यात त्यांना कुत्रा आहे की गाय हे कळेना. त्या पावसाळ्यात ताईने दर रविवारी येऊन नानांना अक्षरं शिकवली. तेव्हा नाना सत्तेचाळीस वर्षांचे होते. आजही ते बोट ठेवून वाचत, आणि बोट उचललं की वाक्य हरवत.

अशा माणसाच्या हातात चौसष्ट पानांची माहितीपुस्तिका पडली. ती कशी पडली, ते आता सांगतो.

तपासणी कार्यालयातला कारकून म्हणाला होता, की गाडीत इंधन, तापमान आणि उघडी दारं दाखवणारं काहीतरी चालू हवं. वायरमन म्हणाला, या गाडीचे काटे बनवणारा कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली. हा वायरमन कोपऱ्यावर गाड्यांच्या विजेची कामं करायचा. बोलताना तोंडातली आगकाडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा, आणि ती मधे असेल तेव्हा बोलत नसे.

"पडदा बसवू," तो म्हणाला.

"कसला पडदा?"

"डिस्प्ले हो, नाना. ट्रॅक्टरमध्ये असतो तसा. टाकीत जो तरंगता गोळा आहे त्याची वायर याला द्यायची, इंजिनाच्या उष्णतेची वायर याला द्यायची, दारांच्या बटणांच्या वायरी याला द्यायच्या. बाकी सगळं सेटिंगमध्ये सांगायचं."

"कुणाला सांगायचं?"

"पडद्याला. की बाबा, ही वायर टाकीची, ही दाराची. त्याला आपणहून काही कळत नाही."

नानांना ही गोष्ट आवडली. आपणहून काही न कळणारी वस्तू त्यांना विश्वासाची वाटली.

चार दिवसांत वायरमनने जुने काटे काढले, तिथे तळहाताएवढा काळा पडदा बसवला, मागे एकवीस वायरींचा झुबका जोडला. मग आगकाडी बाजूला नेऊन म्हणाला, "मेहुण्याकडे जातोय, दहा दिवसांनी येतो. सेटिंग मी करीन. तुम्ही हात लावू नका, नाना. तुम्हाला जमायचं नाही."

शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना नाश्ता करून, चश्मा पुसून, पुस्तिका घेऊन गाडीत बसले. पहिल्या पानावर लिहिलं होतं की हे पान काळजीपूर्वक वाचा. त्यांनी ते तीनदा वाचलं. त्यात पान काळजीपूर्वक वाचण्यापलीकडे काही नव्हतं.

दारांपासून सुरुवात केली. पडदा विचारत होता, की दार उघडल्यावर वायर गाडीच्या अंगाला टेकते, की तिच्यात वीज येते. नाना खाली उतरले, दाराच्या चौकटीतलं बटण बघितलं, दाबलं, सोडलं, त्याला काही विचारावं असं त्यांना वाटलं नाही. परत येऊन त्यांनी वीज येते यावर बोट ठेवलं. गाडीत वीज आली तर बरंच, असा साधा विचार.

परिणाम असा झाला की दारं बंद केली की पडद्यावर चारही दारं लाल व्हायची आणि पडदा किंचाळायचा. दारं सताड उघडली की तो शांत.

किंचाळणं ऐकून वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झाले होते आणि समोर वर्ग नसल्यामुळे हल्ली जिन्याशी बोलत. खालच्या दुकानातली शिंपीणकाकूही मापाची पट्टी गळ्यात तशीच ठेवून बाहेर आली. नानांच्या गाडीभोवती एकाच वेळी दोन माणसं उभी राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

"दारं उघडी ठेवूनच चालवा," मास्तरांनी सुचवलं. "हवा खेळती राहील."

"माणसं पण," शिंपीणकाकू म्हणाली. "काढा ते चुकीचं लावलेलं. उलटं शिवलं तर उसवायचं, त्यात लाज कसली."

नानांनी उसवलं. दुसरा पर्याय लावला. दारं सुतासारखी सरळ झाली. संध्याकाळी सात वाजता ताईचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "आज चार दारं लावली."

"एवढ्याला दिवस गेला? आमच्याकडे वारा लावतो."

तापमानाला तीन दिवस गेले. पडद्याने इंजिनाचं तापमान उणे चाळीस दाखवलं. नानांनी इंजिन पाऊण तास चालू ठेवलं. उणे चाळीस. मास्तरांचा चेहरा उजळला. पृथ्वीवर कुठेकुठे उणे चाळीस असतं, तिथले लोक काय पांघरतात, तिथे डोळे मिटले तर पापण्या कशा चिकटतात, हे त्यांनी व्हॅनच्या मधल्या सीटवर बसून सविस्तर सांगितलं. नानांना त्यातलं निम्मं पटलं नाही, पण त्यांनी मधे तोडलं नाही. त्या गाडीत नोकरीत असताना सात माणसं बसायची. त्यानंतर नानांशिवाय कुणी बसलं नव्हतं.

"मास्तर, इतकं थंड असतं तर मी हात लावू शकलो असतो का?" शेवटी नानांनी विचारलं.

"हात लावून बघितला?"

नानांनी लावला, आणि पुढचे दोन दिवस डाव्या हाताची दोन बोटं लोणी लावून फिरवली. तिसऱ्या दिवशी पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर त्यांना बोटाखाली सापडलं, की उणे चाळीस आकडा वायर सुटली असल्यास येतो. वायर सुटली होती. वायरमनच्या हातून सुटली होती, हे ताईला सांगताना त्यांना फार समाधान वाटलं.

आता राहिली टाकी. टाकी हे नानांचं क्षेत्र. जे भरतं आणि रिकामं होतं त्याचं मोजमाप त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुस्तिका सांगत होती: टाकी रिकामी करा, पडदा दाखवेल तो आकडा तक्त्यात लिहा. मग दहादहा लिटर ओतत जा आणि दर वेळी आकडा लिहा.

नानांनी नळीने टाकी रिकामी केली. कपाटातून जुनी नोंदवही काढली, तिच्यात रेघा आखल्या. रिकामी टाकी, आकडा दोनशे दहा. दहा लिटर, एकशे बहात्तर. वीस लिटर, एकशे एकतीस. तीस, अठ्ठ्याऐंशी. चाळीस लिटर, टाकी गळ्यापर्यंत, सेहेचाळीस. प्रत्येक ओळीला चालू आकडा, मागील आकडा आणि तिसऱ्या रकान्यात फरक. अडतीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. अक्षर इतकं सुंदर आलं होतं, की त्यांनी वही शिंपीणकाकूला नेऊन दाखवली.

आणि तक्ता भरताना त्यांनी तिसरा रकाना भरला.

यात त्यांना दोष देता येत नाही. मीटरवरचा आकडा म्हणजे काहीच नसतो, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं गेलं होतं. त्यातून मागचा आकडा वजा केला की जे उरतं, ते खरं. चौतीस वर्षं आणि लाखभर वजाबाक्या झाल्यावर माणसाचा हात आपोआप तिसऱ्या रकान्याकडे जातो. पहिला दोनशे दहा त्यांनी तसाच ठेवला, कारण नव्या जोडणीला मागील आकडा नसतो. पडद्याने एकदा विचारलं, की आकडे उतरत्या क्रमाने नाहीत, पुढे जाऊ का. नाना हसले. कुठल्या घरचा वापर क्रमाने असतो? त्यांनी हो म्हटलं.

पडदा म्हणाला, टाकीत साडेनऊ लिटर आहे. आणि दहाच्या खाली गेल्यामुळे इंधन भरा असं म्हणून टिकटिकायला लागला.

चाळीस लिटर ओतलेल्या माणसाला साडेनऊ लिटर आहे असं सांगणं हा अपमान आहे. नानांनी टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. इंधन काठाशी होतं, त्यात त्यांचा चेहरा दिसत होता. ते पुन्हा पुढे येऊन बसले. साडेनऊ.

"गळतंय," मास्तर म्हणाले.

"गळलं तर खाली दिसेल."

"बाष्पीभवन," मास्तर म्हणाले.

शिंपीणकाकूने मापाची पट्टी काढून दिली. टाकीत सोडून मोजलं. भरलेली. पट्टीला चार दिवस वास येत होता आणि तेवढे दिवस तिच्या गिऱ्हाइकांनी श्वास धरून मापं दिली.

नानांनी टाकी दोनदा रिकामी केली, दोनदा भरली, दोनदा नव्याने सुंदर अक्षरात वजाबाक्या केल्या. आकडे तेच आले. दहा दिवसांनी वायरमन आला. त्याने गोळा तपासला, वायर तपासली, आगकाडी बराच वेळ मधे ठेवली. तक्ता उघडू का म्हणाला तेव्हा नाना म्हणाले, "तक्ता बरोबर आहे. आकड्यांत माझी चूक काढणारा अजून जन्माला यायचाय." वायरमनने हात वर केले आणि निघून गेला. नोव्हेंबरची बारा तारीख होती.

तपासणीची वेळ घेतलेली होती ती चुकवता येत नव्हती, म्हणून सोळा तारखेला नाना टिकटिकती गाडी घेऊन गेले. तपासनीस तरुण होता आणि त्याला डोकेदुखी होती. त्याने पडदा पाहिला, टाकीत काठी घालून पाहिली, पुन्हा पडदा पाहिला.

"आजोबा, टाकी भरलेली आहे."

"आहेच."

"मग हा खोटं बोलतोय."

"खोटं नाही," नाना म्हणाले, "कमी बोलतोय."

तपासनीसाने कागदावर नापास असं लिहिलं. परत येताना नानांनी गाडी गल्लीच्या टोकाला थांबवली आणि बराच वेळ आत बसून राहिले. पडदा टिकटिकत होता. त्यांना वाटलं, उद्या ताईला सांगावं, निवासात बाग आहे, डॉक्टर आहे. एका माणसाच्या घरात दुसऱ्या माणसाला राहायला काय आहे? वर्तमानपत्रं हलवून एक खुर्ची. हे त्यांना आधीच सुचायला हवं होतं. लग्नात बोलायच्या आधी.

सात वाजता फोन वाजला. त्यांनी दोनदा वाजू दिला, मग उचलला.

"नापास झालो," ते म्हणाले.

"तू की गाडी?"

"दोघं." मग थोडं थांबून म्हणाले, "ताई, त्या निवासात डॉक्टर आहे म्हणे."

पलीकडे शांतता. ताई शांत झाली की ती चश्मा शोधत असते किंवा रागावलेली असते. या वेळी ती पेन्सिल शोधत होती.

"ते आकडे सांग मला."

"काय उपयोग?"

"सांग म्हटलं ना. तक्त्यात काय काय लिहिलंस, एकेक करून."

नानांनी सांगितलं. दोनशे दहा, अडतीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस.

"पहिला एवढा मोठा आणि बाकीचे पोरांसारखे लहान का?"

"पहिला नवी जोडणी."

फोनमध्ये एक आवाज आला. आधी नानांना वाटलं ताईला ठसका लागला. ती हसत होती. वर्षभरात तिला हसताना त्यांनी ऐकलं नव्हतं, म्हणून ओळखू आलं नाही.

"बाळ्या," ती म्हणाली, "तुला वजाबाकी करायला कुणी सांगितलं होतं?"

नानांचं बोट वहीतल्या तिसऱ्या रकान्यावर थांबलं.

"तो विचारतोय समोर काय दिसतंय. तू त्याला सांगतोस काय कमी झालं. पडदा बिचारा काय करील? वहीत खरे आकडे आहेत ना?"

"पहिल्या रकान्यात."

"मग ते लिही. आणि डॉक्टरचं नाव पुन्हा काढू नकोस. माझे गुडघे मला माहीत आहेत, त्यांना बाग नको आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी तक्त्यात पहिला रकाना भरला. पडदा चाळीसवर गेला आणि गप्प झाला. इतका गप्प झाला, की मास्तर काळजीने खाली आले. चूक काय होती हे नानांनी त्यांना सांगितलं नाही. वायरमनला तर मुळीच नाही. त्याला ते म्हणाले, "झालं ठीक," आणि वायरमन म्हणाला, "मग, गोळाच अडकला असणार." नानांनी गोळ्याला बोल लागू दिला. माणसाने एवढं करावं की नाही, यावर ते पुढे बरेच दिवस विचार करत होते.

दुसरी वेळ मिळाली सव्वीस तारखेची. या वेळी डोकेदुखीवाला नव्हता. खिडकीशी कारकून होता, आणि त्याच्यापुढे छापील कागद होता. कागदावर लिहिलं होतं: इंधनदर्शक काटा. चालतो किंवा चालत नाही, यापैकी एक खोडा.

कारकून गाडीपाशी आला. पडद्यावर मोठा आकडा होता, एकोणचाळीस.

"काटा कुठे आहे?"

"काटा नाही. आकडा आहे."

"कागदावर काटा आहे."

"काट्यापेक्षा आकडा जास्त चांगला सांगतो," नाना म्हणाले. आयुष्यभर आकडे वाचलेल्या माणसाची ती श्रद्धा होती.

"चांगलं वाईट मी ठरवत नाही. काटा असेल तर चालतो लिहीन. नसेल तर चालत नाही लिहीन. काटाच नाही, तर चालत नाही असं तरी कसं लिहू? तुम्ही मोठ्या साहेबांकडून आणा, की आकडा हा काटाच समजावा."

"साहेब कुठे आहेत?"

"रजेवर. दोन तारखेला येतील."

दोन डिसेंबर. तीस नोव्हेंबरला घर रिकामं. नाना भांडले नाहीत. भांडायला मागे कुणीतरी उभं लागतं. ते गाडीत जाऊन बसले आणि पुस्तिका उघडली. कार्यालय एक वाजता बंद होत होतं, सव्वाअकरा झाले होते, आणि पस्तिसाव्या पानापुढचं त्यांनी कधी वाचलं नव्हतं. बोट ठेवून, ओठ हलवत ते वाचत गेले. आवाज कसा कमी करावा. उजेड कसा वाढवावा. धुळीपासून कसं जपावं. शेजारून गाड्या आल्या, पास झाल्या, गेल्या. सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं, की ज्यांना जुन्या पद्धतीची सवय आहे त्यांच्यासाठी आकड्याऐवजी तबकडी दाखवता येते.

एक वाजायला दहा मिनिटं असताना नाना खिडकीशी आले. "चला, काटा बघा."

पडद्यावर गोल तबकडी होती आणि तिच्यात लाल काटा होता. चित्रातला, पण काटा.

कारकुनाने खाली वाकून पाहिलं. "हलतो?"

नानांनी गाडीचं एक चाक चढावर घेतलं, टाकीतलं इंधन एका बाजूला गेलं आणि काटा केसभर हलला. कारकुनाने खिशातून पेन काढून 'चालत नाही' हे शब्द खोडले, शिक्का मारला आणि पहिल्यांदाच नानांकडे नीट बघितलं. "कुठे जायचंय एवढ्या घाईने?"

"बहिणीला आणायला."

"बसा ना आत, दाखला टाइप होईपर्यंत," कारकून म्हणाला. नाना बसले.

तीस तारखेला दीडशे किलोमीटर गाडी चालवून नाना ताईच्या घरासमोर पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. घर रिकामं होतं. पायरीवर दोन पेट्या, एक शिवणयंत्र, आणि त्यांच्यामध्ये शाल पांघरून ताई. फाटकाशी भाच्याची गाडी, दार उघडं, भाचा घड्याळात बघत.

"मामा, मी साडेबारापासून म्हणतोय तिला, निघू या. निवासाची वेळ चारची आहे."

"मी म्हटलं, दोनपर्यंत थांब," ताई म्हणाली. "तो वजाबाक्या करत येत असेल."

भाचा व्हॅनपाशी गेला. त्याने आत डोकावून पडदा पाहिला, तबकडी पाहिली, चार दारांची चित्रं पाहिली. "हे तुम्ही बसवलंत?"

"वायरमनने बसवलं. सांगितलं मी." मग नानांना राहवलं नाही. "टाकीत मात्र घोळ झाला होता. माझ्याच हाताने. ताईने काढला."

शिवणयंत्र उचलून भाच्याने मागे ठेवलं, पेट्या ठेवल्या, आईला दंडाला धरून चढवलं. तिच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, तिने केली नाही. नानांनी दार लावलं आणि पुढे येऊन बसले. पडदा टिकटिकला. डावं दार लाल.

"बंद आहे ते," नाना म्हणाले. "मीच लावलं आता. हा पुन्हा सुरू झाला वाटतं."

ताईने खाली पाहिलं, दार ढकललं, शालीचं टोक आत ओढून घेतलं आणि दार पुन्हा लावलं. पडदा गप्प.

"बरोबर बोलत होता तो," ती म्हणाली. "चल आता."

वाटेत ती तीन तास बोलत होती. नानांना काटा बघायला सवड झाली नाही.

ताई आल्यावर वर्तमानपत्रं खुर्चीवरून जमिनीवर आली आणि जमिनीवरून बाहेर गेली. ती पंखा लावायची, नाना बंद करायचे. ती शिंपीणकाकूला शिवणातल्या चुका दाखवायची आणि मास्तरांशी नकाशावरून वाद घालायची. एका आठवड्यात घरात इतकी माणसं येऊन बसू लागली, की दोन खुर्च्या उसन्या आणाव्या लागल्या. नाना कधीकधी कंटाळून गाडीत जाऊन बसत, आणि दहा मिनिटांत कुणीतरी काच वाजवून विचारे, इथे काय करताय, ताई बोलावतायत. मग ते पुटपुटत उठत. एकदा ते मास्तरांना म्हणाले, की या बाईने घरात जागा ठेवली नाही. आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता, की मास्तरांनी सहानुभूती दाखवायचं टाळलं.

सगळ्यांना वाटायचं ताई आधी जाईल. तिचं वय जास्त, गुडघे असे, आणि दर महिन्याला ती स्वतःच म्हणायची. पण ताई आल्यावर तीन वर्षं आणि चार महिन्यांनी, एप्रिलच्या नऊ तारखेला, बुधवारी दुपारी सव्वाचार वाजता नाना वारले. तेव्हा ते बाहत्तर वर्षांचे होते. ताई शेजारच्या खुर्चीवर होती.